तागालोग, भोजपुरी आणि आपली मराठी



आमचें पनवेल हें जुन्या काळीं खाडीकांठचें बंदर आणि घाटाकडे जाणाऱ्या मालाचें नाकें होतें. जेथें माल उतरतो तेथें बोलीहि उतरतात. आगरी, कोळी आणि कातकरी यांच्या बोली येथल्या मुळच्याच. कोंकणी मुसलमानांची बोली निराळी. बेने इस्राएल कुटुंबें घरांत मराठी बोलत आलीं आणि प्रार्थनामंदिरांत हिब्रू. आतां गोरखपूरला जाणारी आगगाडी आमच्याच स्टेशनांतून सुटते, आणि उरणच्या बाजूस १९८९ सालीं सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरांत जगभरचीं जहाजें लागतात. तेव्हां आजच्या भाषणाचा विषय ऐकून, "तागालोग आणि भोजपुरी यांचा पनवेलशीं काय संबंध?" असें कोणीं विचारूं नये. या दोन्ही भाषा गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या घरीं एकाच दुपारीं एकमेकींना भेटल्या.

घराच्या मागच्या भिंतीचा गिलावा चालला होता. गवंडी देवरिया जिल्ह्यांतला. पुष्कळ वर्षें पनवेलींत आहे. हाताला सफाई आहे, बोलणें थोडें. त्याच वेळीं शेजारचा तरुण, जो व्यापारी जहाजावर इंजिनियर आहे, सुटीवर आला असल्यामुळें भेटीस आला. त्याचे जहाजावरील निम्मेअधिक सोबती फिलिपाईन बेटांतले. त्यांच्या संगतींत त्यानें तागालोग भाषेचे शब्द एका वहींत टिपून ठेवले होते. "काका, हें पाहा," तो मोठ्या उत्साहानें म्हणाला, "शिक्षकाला ते गुरो म्हणतात, चेहऱ्याला मुखा, आशेला आसा आणि कथेला चक्क कथा! ही तर संस्कृतची लेक निघाली. म्हणजे आपली मावशीच कीं!" इतक्यांत मागच्या अंगणांत गवंड्याचा फोन वाजला आणि तो गांवाकडे आपल्या आईशीं बोलूं लागला. मीं विचारलें, "आणि ही भाषा आपली कोण?" तरुणानें क्षणभर कान दिला व म्हणाला, "ही? ही कसली भाषा, काका! मोडकी हिंदी ती."

हे दोन निकाल एका दमांत लागले, आणि माझ्या मतें दोन्ही चुकले. जिला त्यानें मावशी ठरविलें ती परकी आहे. जिला त्यानें भाषाच मानलें नाहीं ती आपल्या घरची आहे. हें कसें, तेवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम वहींतले शब्द घेऊं. ते खरे आहेत. शिवाय त्यानें टिपले नव्हते असेहि पुष्कळ सांपडतात. देवतेला तेथें दिवाता म्हणतात, पण तिचा अर्थ रानांत, डोंगरांत वास करणारी यक्षिणी असा झाला आहे. भाग म्हणजे बाहागी. मोल या अर्थीं हालागा, तो आपला अर्घ. संप्रत्यय हा शब्द आपण केवळ पोथींत ठेवला; तेथें तो सांपालाताया होऊन श्रद्धा या अर्थानें रोज बोलला जातो. कांहीं अर्थांतरें तर मोठीं गमतीचीं आहेत. दुःख हा शब्द तेथें दरिद्री माणसाला लावतात. परिभाषा म्हणजे उपरोध, टोमणा. आपल्या शास्त्रीपंडितांचे वाद ज्यांनीं ऐकले असतील त्यांस हें अर्थांतर अगदींच अकारण वाटणार नाहीं. आणि लक्ष म्हणजे लाख नव्हे, दहा हजार! समुद्र ओलांडतांना आमच्या लाखाची नऊ-दशांश घट झाली.

परंतु हे शब्द तेथें पाहुणे आहेत, हें त्यांच्या उच्चारावरूनच कळतें. तागालोगला ख, थ, ध, भ हीं महाप्राण अक्षरें नाहींत. म्हणून मुखा हा शब्द ते मुक्-हा असा तोडून म्हणतात, कथा म्हणजे कत्-हा, बुद्धीचें बुद्-ही होतें आणि भागांतल्या 'भ'चें 'बाहा' होतें. जन्मतः घरांत असलेल्या शब्दाला कोणी असें चौकटींत बसवीत नाहीं. हे शब्द बहुतेक करून मलय आणि जावा यांच्या मार्गें, व्यापाऱ्यांच्या व राजदरबारच्या ओठांवरून तेथवर गेले.

त्या मार्गाची एक साक्ष तर आपल्या ओळखीच्या वेषांत उभी आहे. १९८९ सालीं लुझोन बेटावरील लागुना प्रांतांत, लुंबांग नदीच्या मुखाजवळ, एका मजुराला एक पातळ ताम्रपट सांपडला. आंतोन पोस्तमा या डच अभ्यासकानें तो वाचला. त्यावरील कालगणना शालिवाहन शकाची आहे: शके ८२२, वैशाख मास, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार. इसवी सनाप्रमाणें हें वर्ष ९०० होतें. मजकूर अगदीं व्यवहारी आहे. नामवरन नांवाच्या एका गृहस्थाचें सोन्याचें कर्ज माफ केलें असून त्याच्या वंशजांसहि त्यांतून मोकळें केलें आहे. आमच्याच जिल्ह्यांत अलिबागेजवळ अक्षी येथें जो मराठी शिलालेख आहे, त्याचा काळ शके ९३४ असा वाचला गेला आहे. म्हणजे फिलिपाईन्समधील हा पट त्याहून ११२ वर्षांनीं जुना. पंचांग आमचें, तांबें आमच्या शिलाहार राजांच्या दानपत्रांसारखें, पण भाषा मुख्यतः जुनी मलय. उसना शब्द कितीहि दूर जातो. त्यावरून घराणें ठरत नाहीं. आमच्या बेने इस्राएल शेजाऱ्यांच्या मराठींत हिब्रू शब्द आहेत, म्हणून त्यांची मराठी हिब्रूची कन्या होते काय?

घराणें पाहावयाचें तर जे शब्द सहसा कोणी उसने घेत नाहीं ते पाहावे. अंक मोजा. तागालोगमध्यें एक ते पांच म्हणजे इसा, दालावा, तात्लो, आपात, लिमा. आमच्या एक-दोन-तीनशीं याचा कांहीं मेळ नाहीं. पण मलय भाषेंत पांच म्हणजे लिमाच. हजारों कोसांवरील हवाई बेटांतहि लिमा. आणि आफ्रिकेच्या अंगाला असलेल्या मादागास्कर बेटावर त्याच शब्दाचें रूप आढळतें. या कुळाला ऑस्ट्रोनेशियन असें नांव आहे, आणि होडीच्या बळावर एवढा पसारा मांडणारें दुसरें कुळ जुन्या जगांत नव्हतें.

शब्दांहून अधिक खरें बोलतें तें व्याकरण. तागालोगमध्यें खाणें या अर्थाचा धातु काइन. त्याचा भूतकाळ करण्यासाठीं शेवटीं प्रत्यय लावीत नाहींत. धातूचें पोट फाडून आंत अक्षर बसवितात. 'कुमाइन' म्हणजे खाल्लें, त्यांत 'उम' घुसला आहे. 'किनाइन' म्हणजेहि खाल्लें, त्यांत 'इन' घुसला आहे. पहिल्यांत खाणारा मुख्य, दुसऱ्यांत खाल्लेली वस्तु मुख्य. खाईल असें म्हणावयाचें तर पहिलें अक्षर दोनदां म्हणावयाचें: काकाइन. संस्कृत शिकलेल्या श्रोत्यांना येथें पपाठ, ददर्श हीं रूपें आठवतील. आठवूं द्यावीं, पण तेवढ्यावर नातें जुळवूं नये. हा केवळ योगायोग होय.

आतां गवंड्याच्या बोलीकडे वळूं. तो आईला सांगत होता कीं पाऊस गेला, काम झालें, भाऊ आला होता. मीं नुसतीं क्रियापदें टिपलीं. गेला या अर्थीं गइल, आला या अर्थीं आइल, केलें या अर्थीं कइल, झालें या अर्थीं भइल. हिंदींत हींच रूपें गया, आया, किया, हुआ अशीं आहेत. तेव्हां मला सांगा, हा 'ल' कोणाचा? गेला, आला, केला म्हणणाऱ्या आमचा कीं गया, आया म्हणणाऱ्यांचा? प्राकृतांतील 'इल्ल' प्रत्ययापासून आलेला हा 'ल' मराठी, कोंकणी, उडिया, बंगाली, असमिया आणि बिहारकडील बोली यांच्यांत आहे; दिल्ली-आग्ऱ्याच्या हिंदींत नाहीं. जी बोली भूतकाळांत आमच्या बाजूला बसते, तिला मोडकी हिंदी म्हणण्यापूर्वीं थोडें थांबावयास हवें.

आणखी एक खूण अशीच आहे. 'मी करीन' याला भोजपुरींत 'हम करब' म्हणतात. हा 'ब' संस्कृतांतील कर्तव्य, गन्तव्य यांतील 'तव्य' होय. तोच 'तव्य' मराठींत करावें, जावें या रूपांत उतरला. एकाच आजोबांची ठेव. एका नातवानें तिचा भविष्यकाळ केला, दुसऱ्यानें विध्यर्थ.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या हिंदुस्थानच्या भाषापहाणींत भोजपुरीचा खंड १९०३ सालीं आणि मराठीचा १९०५ सालीं निघाला. अशाच सारखेपणावरून त्यांनीं या भाषांना बाह्य वर्तुळांतील भाषा म्हटलें व हिंदीला आंतील वर्तुळांत घातलें. सुनीतिकुमार चतर्जी यांनीं १९२६ सालच्या आपल्या ग्रंथांत या कल्पनेवर कडक आक्षेप घेतले, आणि ते मला योग्य वाटतात. भोजपुरीची परंपरा मागधी प्राकृताची आणि मराठीची महाराष्ट्रीची, हा भेद पुसून चालत नाहीं. वर्तुळें राहूं द्या. पण भोजपुरी ही हिंदीची बिघडलेली आवृत्ति नसून स्वतंत्रपणें वाढलेली भाषा आहे, याविषयीं या दोघां पंडितांत मतभेद नव्हता.

तिचें स्वतःचें असें जें आहे तेंहि सांगितलें पाहिजे. ती संख्येनंतर 'गो' किंवा 'ठो' असा शब्द घालते: दू गो आम, पाँच गो लइका. ओळखीच्या वस्तूला 'वा' लावते: घोड्याचें घोड़वा होतें, आणि त्यांत 'तो आपला नेहमींचा' अशी जवळीक येते. नाहीं याला नइखे असा तिचा खास शब्द आहे. आदरार्थीं 'रउआ' म्हणतात, आणि त्या एका शब्दांत जें आर्जव आहे तें आमच्या 'आपण'मध्यें सभेच्या वेळींच दिसतें. लिंगाचा जाच मात्र तिनें जवळजवळ टाकून दिला आहे. मराठी शिकणारा भोजपुरी माणूस तो दगड, ती वीट आणि तें घमेलें यांच्यांत अडखळतो, त्याचें कारण बुद्धिमांद्य नव्हे. त्याच्या घरीं विटेला स्त्री ठरविण्याची फारशी गरजच पडत नाहीं.

येथपर्यंत सर्व सरळ झालें. पण नातें ठरलें कीं साम्यहि सर्वत्र मिळेल, अशी अपेक्षा धरली तर भाषा आपली फजिती करते. एक वाक्य घ्या: मुलानें आंबा खाल्ला. मराठींत क्रियापद आंब्याच्या मागून जातें: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळें खाल्लें. खाणारा मुलगा असो वा मुलगी, क्रियापद त्याकडे पाहतहि नाहीं. भोजपुरींत 'लइका आम खइलस', 'लइका रोटी खइलस'. आंबा जाऊन पोळी आली तरी क्रियापद जागचें हलत नाहीं, तें खाणाऱ्याशींच बांधलेलें. आणि तागालोगमध्यें? 'किनाइन नङ् बाता अङ् मांगा.' क्रियापद आरंभीं. बाता म्हणजे मूल. 'अङ्' हें चिन्ह ज्याच्यामागें लागलें तो वाक्याचा धनी, आणि येथें धनी आंबा आहे. तोच 'अङ्' मुलाला लावला कीं क्रियापद लगेच बदलून कुमाइन होतें. कर्तरि आणि कर्मणि प्रयोगांनीं ज्यांचें बालपण कडू केलें त्या मराठी माणसांना हा व्यवहार भोजपुरी माणसापेक्षां लवकर उमगेल, असें मला वाटतें. (तो मांगा शब्दहि घरचा नव्हे, मूळ दक्षिण हिंदुस्थानांतला, मलय भाषेकडून तेथें पोंचला.)

याहून मौजेचें उदाहरण सर्वनामाचें. मराठींत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. आम्ही जेवणार म्हटलें तर पाहुण्यानें उठावें. आपण जेवूं म्हटलें तर पाट घ्यावा. ऐकणारा आंत कीं बाहेर, हें एका शब्दानें ठरतें. हिंदीच्या 'हम'मध्यें हा भेद नाहीं. भोजपुरी माणूसहि दोन्ही ठिकाणीं 'हमनी' म्हणतो. तागालोगमध्यें मात्र तो अगदीं स्पष्ट आहे: कामी म्हणजे आम्ही, तुम्हांला सोडून, तायो म्हणजे आपण सगळे. आमच्याकडे हा भेद द्राविड भाषांच्या शेजारामुळें आला असें अभ्यासकांचें मत आहे. त्यांच्याकडे तो कुळाचाच आहे. म्हणजे येथें सख्खें नातें असलेली भोजपुरी आमच्याहून निराळी वागते, आणि परकी तागालोग आमच्यासारखी. माणसांच्या नात्यांतहि असेंच घडतें. चुलतभावाचा स्वभाव न जुळावा आणि शेजाऱ्याचा जुळावा. पण म्हणून वारसाहक्क बदलत नाहीं.

लिपीचा विषय मोठा आहे, पण वेळ थोडा, म्हणून एवढेंच सांगतों. तागालोगची जुनी लिपि बायबायिन. तिचें मूळ ब्राह्मीच्या घराण्यांत आहे, आणि १५९३ सालीं मनिला येथें छापलेल्या ख्रिस्ती धर्मपुस्तकांत ती रोमन लिपीच्या शेजारीं दिसते. भोजपुरी कैथींत लिहीत, मराठी मोडींत. तिन्ही लिप्या आज संग्रहालयांत किंवा हौशी लोकांच्या वर्गांत भेटतात.

भाषेची योग्यता आणि भाषेचा मान हीं दोन निरनिराळीं मापें आहेत, हें या दोघींच्या चरित्रावरून जितकें कळतें तितकें क्वचितच दुसरीकडे कळेल. फिलिपाईन्समध्यें शंभरांहून अधिक भाषा. तागालोग ही तेथील बहुसंख्यांची जन्मभाषा नव्हती. पण ती मनिलाची, राजधानीची भाषा होती. ३० डिसेंबर १९३७ रोजीं अध्यक्ष मान्युएल केझोन यांनीं राष्ट्रभाषा तिच्या पायावर उभारावी असें जाहीर केलें. १९५९ सालीं त्या भाषेला पिलिपिनो हें नांव मिळालें, आणि १९८७ च्या राज्यघटनेनें फिलिपिनो ही राष्ट्रभाषा ठरविली. भोजपुरीला अशी राजधानी कधीं लाभली नाहीं. ती गिरमिटी मजुरांच्या तोंडीं मॉरिशस, फिजी, त्रिनिदाद, सुरिनाम येथवर गेली. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत आमचे कोंकणी मराठी मजूर तिच्याच शेजारीं राबले. पण घरीं तिची गणती झाली नाहीं. २०११ च्या शिरगणतींत सुमारें ५ कोटी ५ लक्ष लोकांनीं आपली मातृभाषा भोजपुरी असें सांगितलें, आणि तक्त्यांत ते सर्व हिंदीच्या खातीं जमा झाले. तिची शेजारीण मैथिली २००३ च्या घटनादुरुस्तीनें आठव्या परिशिष्टांत गेली. त्या परिशिष्टांतील २२ भाषांत भोजपुरी अद्याप नाहीं.

आपण पनवेलकरांनीं यावर हळहळण्यापूर्वीं आपल्या ओटीवर काय चालतें तें पाहावें. आमच्या आळींतला शिकलेला माणूस आगरी शेजाऱ्याच्या 'पानी'ला हंसतो. त्याच्या बोलींत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'ल' होतो, आणि 'ड'च्या ठिकाणीं 'र' येऊन घोड्याचा घोरा होतो. हे फेरफार नियमानें होतात. ज्यांत नियम आहे त्याला अशुद्ध म्हणणें हें व्याकरण नव्हे, तो मोठेपणाचा आव आहे. भोजपुरींतहि ण आणि ळ नाहींत, तेथेंहि पानीच. आणि तेथें पुष्कळदां 'ल'चा 'र' होतो, केळ्याला केरा आणि फळाला फर म्हणतात. दोन्ही बोलींना हंसणारें तोंड मात्र एकच असतें. मीहि तरुणपणीं हंसलों आहें, हें कबूल केलें पाहिजे.

त्या दुपारीं हें सर्व मीं शेजारच्या तरुणाला सांगितलें. तो समजूतदार आहे. वहींत गुरो आणि मुखा यांच्या खालीं त्यानें कामी आणि तायो लिहून घेतलें, आणि गवंड्याला हांक मारून, केळ्याला तुम्ही काय म्हणतां, असें विचारलें. गवंडी प्रथम 'केला' म्हणाला. "घरीं काय म्हणतां?" असें पुन्हां विचारल्यावर थोडा लाजून 'केरा' म्हणाला.

पुढील आठवड्यांत तो हात धुऊन एक कागद घेऊन माझ्याकडे आला. मुलीला मराठी शाळेंत घालावयाची होती. प्रवेशाचा अर्ज भरून हवा होता. नांव, जन्मतारीख, पत्ता झाला. मग मातृभाषेचा रकाना आला. मीं भोजपुरी लिहिण्यासाठीं लेखणी टेकली. तो घाईनें म्हणाला, "काका, हिंदी लिख दीजिए. आगे तकलीफ नहीं चाहिए." पूर्वीं एका कार्यालयांत अशाच रकान्यावरून त्याला दोनदां परत पाठविलें होतें, असें त्यानें सांगितलें. घरीं आईशीं कोणती भाषा बोलतां, असें मीं विचारलें तेव्हां तो म्हणाला कीं ती बोली आहे, ती कागदावर लिहीत नाहींत. मीं त्याला ल-प्रत्यय सांगूं शकलों असतों, ५ कोटींचा आकडा सांगूं शकलों असतों. पण अर्ज त्याचा होता आणि खेटे घालून मजुरी बुडणार होती ती त्याचीच. मीं हिंदी लिहिलें.

मुलगी तोंवर उंबऱ्यावर बसून होती. पनवेलींतच जन्मली; मराठी गल्लींत खेळतांना शिकली. बापानें कागद घडी करून खिशांत घातला तसें ती मला म्हणाली, "आजोबा, आम्ही छठला गावाला जाणार आहोत. आल्यावर आपण त्या भिंतीपाशीं तुळस लावू या."